'डी' पिटीशन: ताबा मागायला गेलेल्या बापाला कौटुंबिक न्यायालय काय देतं

महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत अर्जांना अक्षरं असतात. घटस्फोटाचं 'ए', पोटगीचं 'ई', परस्परसंमतीचं 'एफ' आणि मुलाच्या ताब्याचं 'डी'. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात जा, पुण्यात शिवाजीनगरला जा, वकिलांच्या तोंडी "डीचं काय झालं?" हे ऐकू येतंच. हे परीक्षण त्या 'डी'चं आहे, आणि बापाच्या बाजूने केलेलं आहे.

निष्कर्ष आधीच सांगतो, म्हणजे घाईत असलेल्याला इथेच थांबता येईल. हे न्यायालय बापाला पूर्ण ताबा क्वचित देतं, भेट बऱ्यापैकी देतं, आणि दिलेली भेट पाळून घेण्यात कमी पडतं. यातलं जे चांगलं मिळतं ते मुख्यतः पहिल्या दोन-तीन महिन्यांत आणि कागदावर मिळतं. बापमाणसं नेमके तेच महिने रागात घालवतात.

कायद्याच्या पाटीवर बापाचं नाव वर आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 च्या कलम 6 नुसार नैसर्गिक पालक आधी वडील, 'त्यांच्यानंतर' आई. 1999 साली गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'त्यांच्यानंतर' म्हणजे 'त्यांच्या अनुपस्थितीत' असा अर्थ लावला. पण ही पालकत्वाची गोष्ट झाली, ताबा वेगळा. त्याच कलमात पुढे म्हटलंय की 5 वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं, आणि कलम 13 सांगतं की मुलाचं हित सगळ्यात वर. कलम 6 ची प्रत हातात नाचवत येणारे बाप पहिल्याच तारखेला गप्प होतात ते या कलम 13 मुळे.

वयाचा हिशोब प्रत्यक्षात असा चालतो. 5 वर्षांखाली आई योग्य नाही हे सिद्ध करायचा भार बापावर. 2015 चं रोक्सान शर्मा प्रकरण गोव्याचं होतं. तिथे उच्च न्यायालयाने बापाकडे दिलेलं तान्हं मूल सर्वोच्च न्यायालयाने आईकडे परत दिलं आणि हा भार कोणावर आहे ते स्पष्ट केलं. 5 ते साधारण 9 या वयात बापाला खरी जागा मिळते, पण तिथे मूल सध्या कुणाकडे रुळलंय ही बाब बहुतेक प्रकरणं ठरवून टाकते. त्यापुढे न्यायाधीश मुलाला चेंबरमध्ये बोलावून विचारतात. पालक व पाल्य कायदा, 1890 चं कलम 17 समजत्या मुलाची इच्छा विचारात घ्यायची मुभा देतं. मुलगी 10-11 वर्षांची असेल तर 'वयात येताना आई हवी' हा मुद्दा समोरून येणार हे धरून चाला. त्यावर उत्तर म्हणून नुसतं 'माझी आई आहे ना घरात' पुरत नाही.

मुस्लिम वडिलांना वैयक्तिक कायद्यातला हिजानतचा नियम लागतो: हनफी परंपरेत मुलगा 7 वर्षांचा होईपर्यंत, मुलगी वयात येईपर्यंत आईकडे. ख्रिस्ती जोडप्यांसाठी 1869 चा घटस्फोट कायदा, आंतरधर्मीय नोंदणी विवाहांसाठी विशेष विवाह कायद्याचं कलम 38. पण दार कुठलंही असो, आत गेल्यावर कसोटी एकच, मुलाचं हित.

दाखल करताना

दोन वाटा. घटस्फोटाचा अर्ज चालू असेल तर त्याच प्रकरणात हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली अंतरिम अर्ज. घटस्फोट दाखलच नसेल तर स्वतंत्र 'डी', म्हणजे पालक व पाल्य कायद्याखाली, आणि त्यासोबत कलम 12 चा अंतरिम ताबा-भेटीचा अर्ज. मुख्य अर्ज दाखल करून अंतरिम अर्ज 'नंतर बघू' म्हणणं ही पहिली घोडचूक. मुख्य अर्जाला वर्षं लागतात. मधल्या काळात तुम्हाला जे मिळतं ते अंतरिम अर्जातूनच. हा अर्ज लांबला की 'मूल इतके महिने आईकडे सुखात आहे' हा मुद्दा तुमच्याच उशिरातून तयार होतो.

दुसरी चूक न्यायालयाच्या हद्दीची. 1890 च्या कायद्याचं कलम 9 सांगतं, मूल 'सर्वसाधारणपणे राहतं' तिथलं न्यायालय. आई ठाण्यातून मुलाला घेऊन दोन आठवड्यांपूर्वी नागपूरला माहेरी गेली असेल, तर शाळेचा दाखला, बोनाफाइड, गेल्या वर्षाची फी पावती, सोसायटीचं पत्र जोडून 'सर्वसाधारण वास्तव्य ठाणेच' असं पहिल्याच अर्जात लिहा. सहा महिने थांबलात आणि नागपूरच्या शाळेत नाव पडलं, की हा मुद्दा हातचा गेला. ज्या जिल्ह्यात कौटुंबिक न्यायालय नाही तिथे जिल्हा न्यायालय.

वकिलाबद्दल एक तपशील अनेकांना ठाऊक नसतो. कौटुंबिक न्यायालय कायदा, 1984 च्या कलम 13 नुसार इथे वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही. परवानगीचा अर्ज द्यावा लागतो. तो व्यवहारात मिळतो. पण न्यायाधीश बरेचदा वकिलाला बाजूला ठेवून थेट तुम्हालाच विचारतात: मुलाच्या वर्गशिक्षिकेचं नाव काय, शेवटचं आजारपण कधी, डबा कोण भरतं. इथे वकील कामाला येत नाही. सुनावणी कलम 11 खाली बंद दालनात मागता येते आणि ताब्याच्या प्रकरणात मागावी.

दाखल झाल्यावर 16 अंकी-अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर त्याने पुढची तारीख आणि आदेश दिसतात. प्रत्येक तारखेनंतर रोजनामा, म्हणजे त्या दिवसाच्या कामकाजाची नोंद वाचा. 'प्रतिवादी गैरहजर' किंवा 'अर्जदाराने मुदत मागितली' ही एक ओळ दोन वर्षांनी फार महाग पडते.

समुपदेशक: इथली सगळ्यात चांगली गोष्ट

पहिल्या एक-दोन तारखांतच प्रकरण विवाह समुपदेशकाकडे जातं. पुष्कळ बाप याला 'टाइमपास' समजतात. आमचं मत उलट आहे: या सगळ्या व्यवस्थेत बापाला सर्वात लवकर आणि सर्वात स्वस्तात काही मिळत असेल तर ते इथेच. पहिली भेट, पहिला व्हिडिओ कॉल, शाळेच्या सभेला जायची मुभा, हे बहुधा समुपदेशकाच्या टेबलावर ठरतं आणि न्यायाधीश त्यावर सही करतात.

इथे बोललेलं गोपनीय असतं, पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्यामुळे मोकळं बोला, पण मुलाबद्दल. अर्ध्या तासातली पंचवीस मिनिटं सासूबाईंवर घालवली की समुपदेशकाच्या मनात जे चित्र बसायचं ते बसतं. सोबत एक कागद न्या: मुलाचं वेळापत्रक, तुम्ही आजवर त्यातलं काय करत होता, आणि तुम्हाला आठवड्यातले नेमके कोणते तास हवेत. न्यायालयाने सांगितलं तर समुपदेशक घरभेट देऊन अहवालही देतात. तेव्हा घर चकचकीत असण्यापेक्षा मुलाची झोपायची जागा, अभ्यासाचं टेबल आणि शाळेचं अंतर बघितलं जातं. उणीव एकच, कामाचा बोजा. दोन बैठकांमध्ये महिना जाऊ शकतो.

काय पुरावा चालतो, काय उलटतो

पगाराची स्लिप ताबा मिळवून देत नाही. जास्त कमाई म्हणजे जास्त हित असं न्यायालय मानत नाही. त्या कमाईतून पोटगी मात्र ठरते. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानंतर मालमत्ता व देण्यांचं प्रतिज्ञापत्र दोन्ही बाजूंना द्यावंच लागतं. त्यात आकडा लपवला आणि बँक स्टेटमेंटमध्ये सापडला, की ताब्याच्या अर्जातही तुमच्या शब्दाची किंमत घसरते.

चालतो तो रोजच्या काळजीचा पुरावा. लसीकरणाच्या दिवशी कोण होतं, डॉक्टरांच्या केसपेपरवर कुणाचं नाव, पालकसभेच्या हजेरीपत्रकावर कुणाच्या सह्या, व्हॅनवाल्या काकांना पैसे कुणाच्या यूपीआयवरून गेले, वर्गशिक्षिकेचे ईमेल, मूल आजारी असताना तुम्ही ऑफिसात टाकलेल्या रजा. हे सगळं तारखेनुसार लावून, पानांना क्रमांक देऊन, पुढे एक पानाची सूची जोडा. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट द्यायचे तर भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, ते दोन भागांत असतं आणि त्यात फाइलचा हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक) द्यावा लागतो. ते नसेल तर समोरचा वकील पहिल्या मिनिटात हरकत घेतो.

नोकरी करणाऱ्या बापाला हमखास येणारा प्रश्न: तुम्ही ऑफिसात असताना मूल कुणाकडे? 'माझ्या आईकडे' हे उत्तर अपुरं आहे. आजीचं वय, प्रकृती, ती कायम राहायला आहे की गावाहून येऊन-जाऊन, हे तिच्या प्रतिज्ञापत्रात यावं. कार्यालयाकडून कामाच्या वेळेचं किंवा घरून काम करण्याच्या सवलतीचं पत्र घ्या. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर सिंगापूरहून दर महिन्याला येऊन, तिरुवनंतपुरमला भाड्याच्या घरात मुलीला ठेवणाऱ्या बापाचं प्रकरण आलं. माया होती, धडपड होती. पण त्या दिवसांत मुलगी बाहेरचं जेवण खात होती, धाकट्या भावापासून दूर होती, आणि ही व्यवस्था बदलली गेली. म्हणजे वरण-भात कोण शिजवतं हा या न्यायालयात कायद्याचा मुद्दा आहे.

उलटणाऱ्या गोष्टी. बायकोच्या चारित्र्यावर रचलेला अर्ज बापाला ताबा मिळवून देत नाही: व्यभिचार घटस्फोटाचं कारण होऊ शकतं, ताबा नाकारण्याचं नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये सांगितलं. मुलाची डीएनए चाचणी मागणं तर आपल्याच पायावर धोंडा. पुण्याच्या एका प्रकरणात 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने, व्यभिचार सिद्ध करण्यासाठी मुलाला असं वापरता येणार नाही, असं म्हटलं. मुलाला समोर बसवून "मम्मी तुला मारते का?" असं विचारत काढलेला व्हिडिओ तुमच्याविरुद्धचा सर्वोत्तम पुरावा ठरतो. आणि 'पॅरेंटल एलिएनेशन', म्हणजे एका पालकाने मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध वळवणं, हा शब्द हल्ली प्रत्येक अर्जात असतो. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की मन कलुषित करणारं नेमकं वर्तन दाखवल्याशिवाय हा शिक्का मारू नये. गंमत अशी की त्या प्रकरणात आरोप बापावर होता, तो लष्करी अधिकारी होता, मुलं त्याच्याकडेच वाढत होती आणि त्यांना तिथेच राहायचं होतं. ताबा त्याच्याकडेच राहिला. मुलं घेऊन 'जिंकलेल्या' बापाची प्रकरणं नीट वाचली तर बहुतेकांत असंच दिसतं: मूल आधीपासून त्याच्या हाताखाली वाढत होतं.

याचा अर्थ मूल शाळेतून परस्पर उचलून आणावं असा कुणी काढू नये. तो सल्ला वकिलांच्या चेंबरबाहेर फुकट मिळतो आणि तेवढ्याच किमतीचा असतो. गौरव नागपाल प्रकरणात बापाने न्यायालयांचे आदेश डावलून मुलाला बरीच वर्षं स्वतःकडे ठेवलं. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षांचा फायदा त्याला द्यायला नकार दिला आणि ताबा आईकडे गेला.

भेट, आणि तिचे शब्द

सुरुवातीची भेट बहुधा न्यायालयाच्या आवारातच मिळते, मुलांसाठीच्या कक्षात, एक-दोन तास. वांद्र्याला असा वेगळा कक्ष आहे. खेळणी असतात, भिंतींवर चित्रं असतात, तरी चार वर्षांच्या पोराला ते दवाखान्यासारखंच वाटतं. अपमान वाटून ही भेट नाकारणारे बाप कमी नाहीत. नाकारू नका. या भेटी नियमित झाल्याची नोंद हाच बाहेरच्या भेटीच्या, मग रात्रीच्या मुक्कामाच्या अर्जाचा पाया असतो. महागडा खेळ आणण्याऐवजी घरचं, मुलाच्या ओळखीचं काहीतरी न्या. वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचा, वेळेवर परत द्या. वीस मिनिटांचा उशीर पुढच्या 'से'मध्ये, म्हणजे समोरच्या बाजूच्या लेखी उत्तरात, 'दोन तास' होऊन येतो.

आदेशाचे किंवा कन्सेंट टर्म्सचे (दोघांनी संमतीने लिहिलेल्या अटींचे) शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचे, आणि सगळ्यात ढिसाळ लिहिले जातात. 'वडिलांना दर रविवारी भेट राहील' हे वाक्य भांडणाला आमंत्रण आहे. त्याऐवजी असं हवं: 'पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या शनिवारी सकाळी 10 वाजता वडील मुलाला आईच्या इमारतीच्या गेटवरून नेतील व रविवारी सायंकाळी 6 वाजता तिथेच परत आणतील. मूल आजारी असल्यास आई आदल्या दिवशी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह कळवेल व बुडालेली भेट लगतच्या शनिवारी होईल. मंगळवार व गुरुवारी सायंकाळी 7.30 ते 7.45 व्हिडिओ कॉल. शाळा दोन्ही पालकांना प्रगतिपुस्तक, सूचना व सभेचं निमंत्रण देईल.' शाळेचं शेवटचं वाक्य विसरलात तर शाळेच्या ऑफिसात उभं राहून ओळखपत्र दाखवत बसावं लागतं.

सणांचीही वाटणी लिहा. गणपती बापाच्या घरी असतील तर चतुर्थीचा दिवस दरवर्षी की वर्षाआड; दिवाळीत पाडवा कुणाकडे, भाऊबीज कुणाकडे. मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी असेल तर कोणते पंधरवडे, त्याच्या तारखा कधी कळवायच्या. पासपोर्ट कुणाकडे, परदेश प्रवासाची सूचना किती दिवस आधी, पत्ता किंवा शाळा बदलायची तर कुणाची लेखी संमती. मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत बाल-भेट व ताब्याच्या मार्गदर्शक सूचना आणि पालकत्व आराखड्याचा नमुना उपलब्ध आहे. तो समोर ठेवून बसलात तर यातलं फार काही सुटत नाही. 2020 च्या यशिता साहू निकालात सर्वोच्च न्यायालयाने भेटीखेरीज रोजच्या संपर्काचं, व्हिडिओ कॉलचं महत्त्व मान्य केलंय. कॉल मागताना तो जोडा.

वेळेचा एक मुद्दा. खालची न्यायालयं मे महिन्यात बंद असतात. उन्हाळी सुट्टीतल्या मुक्कामाचा अर्ज फेब्रुवारीअखेर, फार तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात द्या. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दिलेल्या अर्जावर 'से'साठी तारीख पडते ती जूनची.

संयुक्त ताबा मिळतो का? विधी आयोगाच्या 2015 च्या 257 व्या अहवालात त्याची शिफारस आहे, कायद्यात तरतूद अजून नाही. दोघांची संमती असेल तर न्यायालय आनंदाने नोंदवून घेतं. भांडणात तो मिळणं विरळा.

जिथे ही सेवा नापास होते

आदेश झाला, आई मुलाला आणतच नाही. मग? कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम 18 आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 21, नियम 32 यांखाली अंमलबजावणीचा अर्ज, किंवा अवमानाचा अर्ज. कागदावर कैद आणि जप्तीपर्यंतची ताकद आहे. व्यवहारात आणखी तारखा पडतात, समज दिली जाते, पुन्हा समुपदेशकाकडे पाठवलं जातं. आईला तुरुंगात टाकायला कुठलाच न्यायाधीश राजी नसतो, आणि मुलाच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. पण त्यामधलं काहीतरी, बुडालेल्या भेटीची लगेच भरपाई, लावणारी न्यायालयं थोडी. म्हणून प्रत्येक बुडालेल्या भेटीला त्याच दिवशी सभ्य भाषेत एक मेसेज किंवा ईमेल: 'आज सकाळी 10 वाजता गेटवर आलो, 10.40 पर्यंत थांबलो, चिनू आला नाही, भरपाईची तारीख कळवावी.' असे तीन-चार पुरावे एकत्र जोडून अर्ज द्या. एकेका भेटीसाठी धावू नका.

आणि याचा सूड म्हणून पोटगी थांबवू नका. भेट आणि पोटगी यांची कायद्यात अदलाबदल नाही. थकबाकी असलेल्या बापाचा भेटीचा अर्ज न्यायाधीश वाचायच्या आधी थकबाकीचा आकडा विचारतात.

अंतरिम आदेश पटला नाही तर कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 19 खाली अपील बसत नाही. बहुधा घटनेच्या अनुच्छेद 227 खाली उच्च न्यायालयात रिट करावी लागते. अंतिम आदेशही दगडावरची रेघ नसतो. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बापाला ताबा देणारा स्वतःचाच आदेश पुनर्विलोकनात फिरवला, कारण त्या आदेशानंतर मुलाच्या मनःस्थितीवर झालेला परिणाम वैद्यकीय अहवालांत दिसत होता. हे बापाच्याही बाजूने चालतं: परिस्थिती बदलली, आई दुसऱ्या शहरात गेली, मूल 12 वर्षांचं झालं, तर नवा अर्ज करता येतो.

अमेरिकेत किंवा आखाती देशांत असलेल्या मराठी बापांसाठी थोडक्यात: आई मुलाला घेऊन भारतात आली तर तिथल्या न्यायालयाचा आदेश इथे आपोआप लागू होत नाही. परदेशी नेलेली मुलं परत पाठवण्याबाबतच्या 1980 च्या हेग करारात भारत नाही. तो आदेश हित ठरवताना एक बाब म्हणून बघितला जातो, आणि दर महिन्याच्या उशिराने त्याचं वजन घटतं. तिथून महिनाभरात हालचाल करणाऱ्याची आणि वर्षाने येणाऱ्याची गोष्ट वेगळी असते.

खर्चाचं म्हणाल तर न्यायालयाचं शुल्क किरकोळ, वकिलाची फी माणसागणिक वेगळी. मोफत कायदा सहाय्य बायकांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मिळतं, पुरुषाला उत्पन्नमर्यादेत बसलं तर. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असतं. वकील निवडताना त्याने किती 'डी' चालवल्या हे विचारा, आणि त्यातल्या किती संमतीने संपल्या तेही. दुसऱ्या प्रश्नावर जो चिडतो त्याच्याकडे फाइल देऊ नका.